सायकलची फ्रेम बनवणं का सोडलं, तुम्ही विचारलंत म्हणून

दर राइडला कोणीतरी विचारतंच, "तू तर गॅरेजमध्ये स्वतः फ्रेम वेल्ड करायचास ना, मग सोडलंस का?" मी "वेळ कुठे मिळतो" म्हणून उडवून लावतो. वेळ आहे. वेल्डिंगचं टिग मशीन अजून कोपऱ्यात पडलंय, बायको त्यावर कुंड्या ठेवते.

सुरुवात हॉर्स्ट लाइटनरपासून करावी लागेल. माणूस ऑस्ट्रियाचा, मोटोक्रॉसवाला, कॅलिफोर्नियात आला आणि एकाच गोष्टीच्या हात धुवून मागे लागला, चेनच्या ओढीने मागच्या चाकाचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी रचना, बिघडतं ती. आधी मोटारसायकलच्या चेनला रोलर लावले, मग एटीके कंपनी, मग एएमपी रिसर्च आणि सायकली. चेनस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांडीवर, अ‍ॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) जरा पुढे नि खाली, एक छोटासा पिव्हट, म्हणजे फिरता सांधा, बास. 1998 मध्ये स्पेशलाइज्डने ती पेटंटं विकत घेतली. 

2009 मध्ये मी माझ्या फ्रेममध्ये तो पिव्हट अ‍ॅक्सलच्या वर, सीटस्टेवर, म्हणजे सीटकडे जाणाऱ्या वरच्या दांडीवर घेतला. पेटंट आहे म्हणून, असं सगळ्यांना सांगायचो. ते अर्धंच खरं. मला मनापासून वाटायचं की चार सेंटीमीटरने काय आकाश कोसळतंय, लांबून बघितलं तर दोन्ही सायकली सारख्याच दिसतात! फरक इतकाच की माझ्यात अ‍ॅक्सल आणि ब्रेक कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) दोन्ही चेनस्टेलाच जोडलेले, म्हणजे ब्रेक दाबला की धक्के झेलणारा शॉक आखडणार. लाइटनरच्या रचनेत दोन्ही सीटस्टेवर असतात, मेन पिव्हटला, म्हणजे चेनस्टे पुढच्या फ्रेमला जिथे जोडतो त्या सांध्याला, थेट बांधलेले नसतात.

मेव्हणा पुण्याहून आला होता, वेताळ टेकडीवर सायकल चालवणारा, धीट. त्याला माझी सायकल दिली, इथल्या अलिसो कॅन्यनला, रॉक-इट नावाच्या खडकाळ उतारावर नेलं. मी पुढे होतो. मागून आधी टायरचा फर्रर्र आवाज आला, मग धातूचा, मग काहीच नाही. वर चढून गेलो तर तो दगडावर बसलेला, उजव्या हाताने डावा खांदा धरून, आणि म्हणतो काय, "जिजू, सायकलला काही झालं नाही ना?" कॉलरबोनचे दोन तुकडे. प्लेट घातली.

आता माझी बाजू. इथे अमेरिकेत डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, आपल्याकडे उजवा. सवयीने त्याने मागचा समजून पुढचा दाबला असणार, हे मी बायकोला, सासूबाईंना, स्वतःला, सगळ्यांना सांगितलं. आणि ते शक्य आहेच, आजही म्हणतो. पण दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत गेलो. खडकावर मागच्या टायरची काळी रेघ होती, सलग नाही, तुटक. वीतभर काळं, वीतभर कोरं, परत काळं. म्हणजे मागचा ब्रेक दाबलेला, शॉक आखडलेला, आणि चाक उड्या मारत आलं होतं. कदाचित लाइटनरच्या सायकलवरही तो पडला असता, उतार तसा वाईटच आहे. कदाचित दोन्ही ब्रेक एकदम दाबले असतील.

तो अजून फोनवर हसून म्हणतो, "माझंच चुकलं, डावा दाबला मी." त्या रेघेचा फोटो माझ्याकडे आहे. त्याला पाठवलेला नाही.