एका कप्प्यातले तीन फोटो

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. माझा स्टुडिओ जरा चढावर, म्हणून पाणी पायरीला लागून परत गेलं. पुढचे पंधरा दिवस दुकानात येत होते ते भिजलेले अल्बम. गाद्या, फ्रीज, धान्य रस्त्यावर टाकून दिलेली माणसं अल्बम तेवढा उराशी धरून यायची.

सांगलीवाडीची एक ताई सासूबाईंना घेऊन आली. हातात बादली.

"वाळवले नाहीत ना?" मी आधी तेच विचारलं.

"नाही. शेजारच्यांनी उन्हात घातले, ते चिकटून वीटच झाली. म्हणून आम्ही पाण्यातच ठेवले."

निम्मं काम त्यांनीच केलं होतं. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरातच असतं. पाण्यात तो फुगतो, वाळताना शेजारच्या फोटोला डिंकासारखा धरतो. मग ओढलं की चेहराच निघून येतो. ओला आहे तोवर काहीतरी हाताला लागतं.

डार्करूमच्या काळातले ट्रे माळ्यावरून काढले. गार पाणी, फोटो काठाला धरायचा, चित्रावर बोट लावायचं नाही, आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. मग दोरीला चिमटा. दुकानभर दोऱ्या. नातवाच्या वाढदिवसाचे फोटो मात्र पाण्यात टाकले आणि पाणी गुलाबी झालं, हातात कोरे कागद. ते मीच माझ्या शाईच्या प्रिंटरवर स्वस्तात काढून दिले होते. कानकोंडा झालो. रोलच्या जमान्यातले, लॅबमधून धुऊन आलेले बरेचसे तगले.

दोघी स्टुलावर बसून दोरीकडे बघत होत्या. घरात अजून गुडघाभर गाळ होता, पण फोटो एकेक वर यायला लागले तशी त्यांची कुजबुज सुरू झाली. नणंद डोळे मिटून उभी. कुणाचं तरी बोट लेन्सवर आलेलं. लुनावर पाच जणं. ताई तोंडाला पदर लावून हसायला लागली. लग्नाचे फोटो त्यांनी "हं, आलं" म्हणून सोडून दिले. ते मीच काढले होते, म्हणून मला जरा लागलं. बावीस वर्षं "हसा" म्हणतोय आणि लोक ताठ उभे राहतात.

मग तो कप्पा आला. प्लास्टिकच्या कप्प्यात पाठीला पाठ लावून दोन फोटो असतात. यातून तीन निघाले. मधल्याला गाळ लागलाच नव्हता, कडा तेवढ्या पिवळ्या. बनियनवरचा एक म्हातारा, हातात आंब्याची कोय, रस कोपरापर्यंत, आणि बोळकं पसरून हसतोय. कवळी शेजारी ताटलीत.

"अगंबाई, हे अण्णा?" ताई म्हणाली. "आत्या, अण्णांना मी कधी हसताना बघितलं नाही."

आजी थोडा वेळ गप्प. "फाडून टाक म्हणाले होते. मी मागं सारला."

अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली होती. भिंतीवरची हाराची तसबीर पुरात गेलेली. ती नव्याने करायची हेही त्यांचं काम होतंच. आमच्या धंद्यात हे नेहमीचं: ग्रुप फोटोतून चेहरा कापायचा, मागं निळा रंग, अंगात कोट. त्यासाठी मी रेशनकार्डावरचा त्यांचा करडा चेहरा स्कॅन करून ठेवला होता. तो आजींना दाखवला.

"हा नको. तो लाव."

"आत्या, पाहुणे काय म्हणतील?"

"येऊ देत पाहुणे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बनियनवर एक शर्ट घालता येतो का रे बाबा? पांढरा. कोट नको, त्यांच्याकडे नव्हता."

घालता येतो म्हटलं. आणि सवयीनं विचारलं, दातही बसवून देऊ का, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

आजींनी पुन्हा एकदा दोरीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"दात नको. आणि तो रस पुसू नकोस."