विद्यापीठातले कोविडचे नियम बदलताना : आमच्या समितीचा अनुभव

नवा नियम लिहायला आम्हाला कधी अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागला नाही. दमवलं ते जुना नियम काढण्याने. तो भिंतीवर चिकटलेला असतो, फाटकावरच्या रक्षकाच्या तोंडी असतो आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये महिनोन्‌महिने फिरत राहतो. नोव्हेंबर २०२० मध्ये विद्यापीठं पुन्हा उघडण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आली, तिथपासून १ एप्रिल २०२२ ला राज्यातले निर्बंध उठेपर्यंत आमच्या आरोग्य-सुरक्षा समितीने परिसराचे नियम कितीतरी वेळा बदलले. साथ पुन्हा कधीही येऊ शकते, म्हणून हे काम पुढे ज्यांच्याकडे येईल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो आहोत.

आधी कागदाचं सांगतो. सुरुवातीला दर वेळी चार पानी परिपत्रक नव्याने निघायचं आणि त्यात नेमकं काय बदललं हे शोधायला वाचणाऱ्याला दोन्ही कागद समोर ठेवावे लागायचे. मग पहिल्या पानावर पाच रकान्यांचा तक्ता टाकला : आधी काय होतं, आता काय, कधीपासून, कोण करणार, फेरतपासणी कोणत्या तारखेला. ‘कोण’मध्ये पदनाम चालत नाही, पाळीवरच्या माणसाचं नाव लागतं. ‘संबंधितांनी दक्षता घ्यावी’ हे वाक्य आम्ही कायमचं बंद केलं. ज्या नियमापुढे नाव लिहिता येईना, तो नियमच काढून टाकला.

प्रत्येक आवृत्ती वेगळ्या रंगाच्या कागदावर छापायची. पिवळा लागू असताना कुठे गुलाबी दिसला, तर वाचायची गरज नाही, सरळ उतरवायचा. कागद खळीने चिकटवू नये, चिकटपट्टीने लावावा, नाहीतर उतरवताना निम्मा भिंतीवरच राहतो आणि तो निम्माच लोक वाचतात. लोक परिपत्रकाचा फोटो काढून पुढे पाठवतात, म्हणून आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत हवी. जावक क्रमांक फोटोत वाचता येत नाही.

पहिल्या आवृत्त्यांचा सगळा जोर पुसण्यावर होता. पृष्ठभागांसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचसारखं जंतुनाशक, सांगितलेलं होतं. ५ टक्क्यांच्या कॅनमधून ते करायचं तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी. सफाईच्या मावशींना टक्केवारी सांगून उपयोग नव्हता, म्हणून बादलीला ऑइलपेंटने खूण केली आणि ‘एक मग औषध, चार मग पाणी’ असं लिहिलं. ते छान चाललं, पण पुढच्या खरेदीत १० टक्क्यांचे कॅन आले आणि भांडाराने कुणाला कळवलं नाही. त्याच मापाने द्रावण २ टक्क्यांचं होऊ लागलं. मावशींचे डोळे चुरचुरायला लागले, मॉपचे धागे सुटले, जिन्याच्या स्टीलच्या कठड्यावर तपकिरी डाग पडले. तेव्हापासून माप कॅनवरच लिहितो : ५ टक्के असेल तर १ ला ४, १० टक्के असेल तर १ ला ९.

उलटी चूकही होते. उन्हात किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या कॅनची ताकद उतरत जाते आणि वास मात्र येतच राहतो. त्यामुळे वासावर भरवसा ठेवू नये. कॅन सावलीत ठेवावेत, जुने आधी संपवावेत, द्रावण रोजच्या रोज आणि गार पाण्यात करावं, आणि पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यावं. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत भरतो. दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवायला आम्ही मनाई केली. माणसांवर फवारणी तर कधीच करू नये. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच तसं सांगितलं होतं. सूक्ष्मदर्शक, की-बोर्ड अशा वस्तूंना ७० टक्के अल्कोहोल वापरलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी एक ओळ वेगळी घातली : सॅनिटायझर दाराबाहेर लावायचा आणि हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय बर्नरजवळ जायचं नाही.

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने स्पष्ट लिहिलं की श्वासातून आणि बोलण्यातून निघणारे बारीक तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. त्यानंतर आम्ही मॉपवरचं लक्ष खिडक्यांकडे वळवलं. आमच्या मते सगळ्यात मोलाचा बदल हाच, आणि तो पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण पुसलेला बाक दिसतो, हवा दिसत नाही.

दिसावी म्हणून कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेतला आणि हिशोब फळ्यावर मांडून दाखवला. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. १० मीटर बाय ८ मीटर, साडेतीन मीटर उंचीचा वर्ग म्हणजे २८० घनमीटर हवा. त्यात ६० मुलं बसवली आणि खोली घट्ट बंद असली, तर अर्ध्या तासात आकडा १९०० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) चढतो. बाहेरचे चारशे-सव्वाचारशे त्यावर वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सांगितली आहे. एवढी मिळाली तर आकडा ९०० च्या आसपास थांबतो. म्हणून आमचा नियम : मीटर १००० ओलांडला की दारं-खिडक्या उघडायच्या, तरी उतरला नाही तर तास थांबवून वर्ग रिकामा करायचा. मीटर शिक्षकाच्या टेबलावर ठेवायचा, कुणाच्या तोंडासमोर नाही, खिडकीतही नाही.

इथे नेहमी चुकतं ते असं. छताचा पंखा आतली हवा आतच फिरवतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही. हवा बाहेर फेकणाऱ्या एक्झॉस्ट पंख्याच्या शेजारचंच दार उघडं ठेवलं, तर पंखा तिथलीच हवा ओढतो आणि मागचे बाक तसेच कोंदट राहतात, म्हणून उघडी खिडकी समोरच्या भिंतीला हवी. पावसाळ्यात वाऱ्याकडच्या खिडक्या बंद करतात. तेव्हा निदान वरची झडप उघडी ठेवावी. वसतिगृहात डासांच्या जाळीवर धूळ बसली की हवा अडते, महिन्याला जाळी धुवायलाच हवी.

थर्मल गन आम्ही फाटकावरून हटवली. उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, घामेजलेलं थंड लागतं, आणि तापाची गोळी घेतलेला सहज आत जातो. त्याऐवजी ‘लक्षणं असतील तर हजेरी कापली जाणार नाही’ असं लेखी दिलं, त्याने जास्त मुलं खोलीवर थांबली.

२० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालयं लसीचे दोन्ही डोस झालेल्यांसाठी उघडली, तेव्हा फाटकावर वेगळीच अडचण उभी राहिली. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. १५ ऑगस्टला पहिला डोस घेतलेल्या मुलीचा दुसरा ७ नोव्हेंबरच्या आधी होऊच शकत नव्हता. अशांसाठी ऑनलाइन तास चालू ठेवले आणि प्रात्यक्षिकांच्या तारखा पुढे नेल्या. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर एका मोबाइल नंबरवर चौघांची नोंदणी चालायची, त्यामुळे अनेकांची नोंद वडिलांच्या नंबरवर होती. प्रमाणपत्र उतरवायचं तर ओटीपी गावाकडे जायचा, आणि वडील तेव्हा शेतात असायचे. म्हणून तपासणी एकदाच आणि विभागात ठेवली, फाटकावर फक्त ओळखपत्रावरचा शिक्का पाहायचा.

विलगीकरणात जानेवारी २०२२ मध्ये दहाचे सात दिवस झाले. दिवस चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून मोजायचे आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नको, हे दोन्ही तेव्हा लागायचं. वसतिगृहाच्या खानावळीला हे कळवायचं राहिलं, तर डबा जुन्या हिशोबाने जात राहतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन तासाभरात तीनदा मोजूनही ९३ टक्के किंवा खाली असेल तर डॉक्टरांना लगेच बोलवायचं. हात गार असले किंवा नखांना रंग असला की आकडा खोटा येतो, आधी हात चोळून गरम करावेत.

एप्रिल २०२२ मध्ये शेवटची आवृत्ती पांढऱ्या कागदावर काढली, एका पानाची. मास्क, अंतर, प्रमाणपत्र सगळं काढलं. खिडक्या, महिन्याला जाळी धुणं, कॅनवर लिहिलेलं माप आणि आजारी मुलाची हजेरी हे चार मुद्दे तसेच ठेवले, नावांसकट.