शेपूट कापल्यावर

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये नवीन आलेलं प्रत्येक पोर कधीतरी विचारतंच, "ताई, प्रोटीन सोल्युबल आलं, पाण्यात विरघळलं, म्हणजे झालं ना काम?"

नाही झालं!

फ्लूच्या विषाणूवर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन असतं, बोलताना आम्ही नुसतं एचए म्हणतो. तीन प्रती एकमेकींना बिलगून एक दांडा, वर डोकं, आणि तळाशी पाण्याचं वावडं असलेली शेपूट. ती विषाणूच्या चरबीच्या आवरणात रुतलेली असते. एचए पाण्यात सुटं हवं असेल तर जीनमध्येच शेपटीच्या आधी स्टॉप कोडॉन, म्हणजे 'इथे थांबा' ही खूण, टाकायचा. एवढं सोपं आहे. अडचण ही, की शेपटीविना तिघींची पकड सैल पडते. मग टी४ फेजच्या (जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या) फायब्रिटिन या प्रोटीनमधला 'फोल्डन' हा २७ अमिनो आम्लांचा तुकडा तळाला जोडायचा, म्हणजे त्या पुन्हा एकत्र बांधल्या जातात.

जीनशी असं खेळणं हातात नव्हतं तेव्हा विषाणूवरूनच एचए ब्रोमेलेन या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने कापून काढायचे. १९८१ मध्ये विल्सन, स्केहेल आणि वायली यांनी एचएची पहिली रचना दाखवली, ती १९६८ च्या हाँगकाँग फ्लूच्या अशाच कापलेल्या प्रोटीनची. ब्रोमेलेन मिळतं अननसातून. माझ्या मामाचा वाशीच्या एपीएमसीत फळांचा गाळा आहे. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग देठं फेकतो ती घेऊन जा की!" (नेली नाहीत.)

आता मूळ प्रश्न. एचए बनवणाऱ्या एसएफ९ या कीटकपेशी २७ अंशांवर वाढवल्या, द्राव गोळा केला, प्रोटीन पकडून शुद्ध करणाऱ्या निकेल कॉलमवर थेट चढवला की निळं रेझिन पांढरं पडतं. पेशी ज्यात वाढतात ते मीडियम निकेल ओढून नेतं, म्हणून आधी तो द्राव बदलून बफर घ्यावा लागतो. तेही निभावलं, नळीत पाण्यासारखं नितळ प्रोटीन आलं. आणि जेल फिल्ट्रेशनला, जिथे आकाराने मोठं ते आधी बाहेर येतं, सगळ्यात आधी बाहेर पडलं, म्हणजे गुठळ्याच, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या. म्हणून मी सीआर६२६१ ही अँटिबॉडी चिकटते का ते बघितल्याशिवाय कुणाला पेढे वाटू देत नाही. ती दांड्याला धरते, आणि दांड्याची घडी नीट असेल तरच.

खरी गंमत नुसत्या दांड्याची लस करण्यात आहे. डोकं दर दोन-चार हंगामांत रूप पालटतं, दांडा फारसा बदलत नाही. पण डोकं उडवलं की आत दडलेले तेलकट भाग उघडे पडतात आणि प्रोटीन गोळा होऊन बसतं. शिवाय एचए आम्लात जसं भलतंच रूप घेतं, तसं एकटा दांडा आपणहून धरतो. बंगळुरूच्या आयआयएससीत राघवन वरदराजन यांच्या गटाने उघडे पडलेले अमिनो आम्ल बदलून, भलतं रूप अवघड करून, असा दांड्याचा तुकडा ई. कोलाय या जिवाणूत बनवला. २०१० मध्ये छापून आलं, उंदरांना संरक्षणही मिळालं. मला तो पेपर आजही देखणा वाटतो.

आमच्याकडचे एक सर मात्र फ्लुब्लॉककडे बोट दाखवतात. कीटकपेशींतली ही लस अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झाली. अंड्यातल्या नेहमीच्या लशीत विषाणूच्या दर प्रकाराचं (स्ट्रेनचं) १५ मायक्रोग्रॅम एचए, हिच्यात ४५. आणि हिच्यात शेपूट कापलेलीच नाही! शेपट्या आत, डोकी बाहेर असे एचएचे झुबके होतात, आणि लस चालते. सरांचं म्हणणं, उगाच कापाकापी कशाला? पूर्ण एचएपुरतं मला पटतं. दांड्याच्या बाबतीत मी अजून कात्रीच्या बाजूने आहे, आणि हा वाद आमच्यात चहाच्या वेळी रोज होतो.