टाचेतला दोरा

हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे येशूच्या आईला, मारियेला, लोक नवस फेडायला चालत येतात. माझ्यापुढे चालणाऱ्या जोडप्याच्या कडेवर नवसाचंच पोर होतं, माझ्याकडे बघून खुदकन हसणारं. मी मात्र एक शपथ मोडायला निघाले होते आणि बरोबरच्या कुणालाच ते सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? कुणाला काही न सांगणं हाच तर त्या शपथेचा भाग.

१९९१ साली मी १९ वर्षांची होते. नर्सिंगला नंबर लागला होता, फीला पैसे नव्हते. अण्णा, माझे वडील, मला घेऊन चुलत्यांकडे गेले. पाहुणे बसलेले असताना चुलते म्हणाले, "ऐपत नाही तर पोरीला नादी कशाला लावलं?" पैसे दिले नाहीत, चहा दिला. परत येताना प्रवरेच्या कालव्याच्या भरावावर मी मोठ्यानं म्हणाले, "मेले तरी आता कुणापुढे हात पसरणार नाही. येशूची शपथ!" अण्णा पाण्याकडे बघत चालत राहिले.

नर्सिंग राहिलं, अंगणवाडीत लागले. शपथ मात्र चोख पाळली. भरलेला सिलिंडर एकटीनं जिना चढवला. माझं ऑपरेशन झाल्याचं मुलाला कळलं ते मी घरी आल्यावर. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. प्रार्थनेत सगळ्या गल्लीसाठी मागायचे, स्वतःसाठी कधी नाही. ती मला नम्रता वाटायची!

यंदा उपवासकाळात बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा ३० वा अध्याय वाचला. बापाच्या घरी असलेल्या मुलीनं शपथ घेतली आणि ती ऐकली त्याच दिवशी बापानं नाकारली, तर ती रद्द होते, परमेश्वर तिला क्षमा करतो. बाप ऐकून गप्प राहिला तर मात्र कायम. बाईच्या शब्दाला पुरुषाची मंजुरी लागते म्हणून आधी चिडलेच. मग कालवा आठवला. चुलत्यांना मी केव्हाच माफ केलं होतं. ३४ वर्षं सलत होतं ते अण्णांचं गप्प राहणं. आणि अण्णा तर आता नाहीत.

नेवाशाहून निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये टाळ आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं. चालताना डोक्यात बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले ते चाळीसहून अधिक जण घोळत होते. येशूचा प्रेषित पौल, त्याला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही, अशी त्यांची शपथ. पौलाला तर ४७० शिपायांच्या पहाऱ्यात रातोरात यरुशलेमेबाहेर काढलं. त्या लोकांचं पुढे काय झालं, बायबल सांगत नाही. जेवले असतील गुपचूप.

टाकळीभानच्या अलीकडे टाचेला फोड आला.

"लंगडतेस का गं?" राहुरीच्या एक आत्या होत्या, सत्तरीच्या.

"काही नाही, चप्पल नवी आहे."

अर्ध्या तासानं त्यांनी मला एका पाराशी बसवलंच. पिशवीतून सुई-दोरा काढला.

"राहू द्या आत्या. मी कुणाकडून काही करून घेत नाही. शपथ आहे माझी."

त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. सुई काडीवर धरत म्हणाल्या, "असं बोलू नये, पोरी." आणि दोरा ओवला.

फोडातून सुई आरपार काढली, दोरा आतच ठेवला. त्यातून पाणी हळूहळू निथळत राहतं, कातडी फाटत नाही. मी रडत होते. आत्यांना वाटलं सुई टोचली.

हरेगावात बंद कारखान्याच्या परिसरात यात्रेची गर्दी उसळली होती. पापनिवेदनात सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "त्या दिवशी भरावावर तुझा आणखी एक बाप ऐकत होता. तो गप्प राहिला, हे कुणी सांगितलं?" मग विचारलं, "मतमाउलीकडे काय मागितलंस?" मला उत्तरच सुचेना. दर रविवारी मिस्सेत ख्रिस्तशरीर, म्हणजे ती पवित्र भाकर, घ्यायला मी हातच तर पसरत आले होते, ते तेव्हा कुठे ध्यानात आलं.

मिस्सा संपल्यावर श्रीरामपूरला मुलाला फोन लावला. "न्यायला येशील का रे? पाय दुखतोय."

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग घाबरून म्हणाला, "आई, काय झालंय? खरं सांग. शेजारी कोण आहे, त्यांना फोन दे."