चुन्याची रेघ

रविवारी सकाळी साडेसहाला माळी नेटमध्ये क्रीजवर चुना मारत होता, तेव्हा ते आमच्या क्लबच्या तंबूच्या कडेला येऊन उभे होते. साधा पांढरा टी-शर्ट, टोपी कपाळावर ओढलेली. आझाद मैदानातल्या जुन्या माणसांनी त्यांना ओळखलं, पण कुणी हाक मारली नाही. एके काळी हा माणूस पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीग स्पर्धेत ओल्या विकेटवर बोलिंगला आला की शेजारच्या मॅचमधली पोरं आपली मॅच सोडून बघत उभी राहायची.

नाव लिहीत नाही. त्यांची मुलगी आता कॉलेजात जाते, तिला पुन्हा या सगळ्यात ओढायचं नाही. एका स्पर्धेत पैसे घेऊन त्यांनी ठरलेल्या षटकात नो-बॉल टाकला. पकडले गेले, कबुली दिली, बंदी भोगली. बंदी संपून बरीच वर्षं झाली. आता एका गोदामात सुपरवायझर आहेत. त्यांनीच आमच्या सेक्रेटरींना फोन केला होता, ‘रविवारी पोरांना शिकवीन. पैसे नकोत.’

कमिटीत दोन तट पडले. मी विरोधातला. अठ्ठावीस वर्षं मी इथे पोरांना बोलिंग शिकवतोय. कीपर स्टंपमागे वाकून बसलेला असतो, शॉर्ट लेगचा पोरगा अंगावर चेंडू घ्यायला तयार असतो, आणि बोलर मात्र दुसऱ्याच कुणासाठी चेंडू टाकतो. याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही. सेक्रेटरींनी मधला मार्ग काढला. एक रविवार येऊ द्या, तुम्ही शेजारी उभे राहा, मग ठरवू.

आमच्याकडे पंधरा वर्षांचा एक पोरगा आहे. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून येतो, किटबॅग मालडब्यात. वेग भरपूर, पण चेंडू कुठे जाईल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. दोन वर्षं मी त्याला ‘मनगट सरळ ठेव’ सांगत होतो.

त्यांनी बारा चेंडू नुसते पाहिले. अवाक्षर नाही. मग खिशातून एक जुना चेंडू काढला. एका अर्ध्या भागाला पांढरा ऑइलपेंट लावलेला. पोराला सहा-सात पावलांवर उभं करून म्हणाले, “पळू नकोस. नुसता मनगटाने माझ्याकडे टाक.” चेंडू हवेत गेला आणि लाल-पांढऱ्याचा गोळा झाला. “दिसलं? सीम, ही मधली शिवण, डुगडुगतेय.” त्यांनी पोराचा अंगठा धरला. तो चेंडूच्या बाजूला दाबलेला होता. तो खाली सीमवर आणून ठेवला, वरची दोन बोटं किंचित जवळ घेतली. “अंगठ्याने दाबू नकोस, नुसता आधार दे.” तिसऱ्या की चौथ्या फेकीला लाल एका बाजूला, पांढरा एका बाजूला, मध्ये सीम अगदी उभी. पोरगा हसला. मीही हसलो असेन. दोन वर्षांत मी त्याचा अंगठा बघितला नव्हता.

पुढे जे झालं ते याहून मोठं होतं. त्याला रन-अप घेऊन चार चेंडू टाकायला लावले आणि मागून बघत विचारलं, “कंबर कधीपासून दुखतेय?” पोरगा गप्प. मग म्हणाला, “एक महिना. सर, टीमचं सिलेक्शन आहे म्हणून सांगितलं नाही.” त्याची कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला वळत होते. अशा मिश्र अ‍ॅक्शनमध्ये वाढत्या वयाच्या पोरांच्या मणक्याच्या खालच्या हाडाला बारीक तडा जातो, हे मी शिबिरांत ऐकलंय, पोरांना सांगितलंय. डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे बोलिंग थांबवायला लावली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा. अ‍ॅक्शनचं नंतर बघू.”

असा डोळा असलेला माणूस मला हवा होता. पण नुसत्या डोळ्याने भागत नाही. २०१० सालच्या लॉर्ड्‌स कसोटीत पाकिस्तानच्या दोन बोलरनी मिळून तीन नो-बॉल टाकले होते, पैशांसाठी ठरवून. मोहम्मद आमिर अवघा अठरा वर्षांचा, आणि मोहम्मद आसिफ, ज्याची सीम बघत बसावं. कॅप्टन सलमान बट्टला अडीच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली, आसिफला एक वर्षाची, आमिरला सहा महिन्यांची. आमिर बंदी भोगून परत आला, आणि २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलमध्ये त्यानेच रोहित, कोहली आणि धवनला काढलं. आजही तो स्पेल आठवला की माझ्या पोटात कालवतं. पण खेळायला परत येणं वेगळं आणि पोरांच्या खांद्यावर हात ठेवणं वेगळं. झिंबाब्वेचा हीथ स्ट्रीक बोलिंग कोच म्हणून नावाजलेला होता. २०२१ मध्ये त्याला आठ वर्षांची बंदी झाली, आणि आरोपांत आतली माहिती देण्याबरोबर, सट्ट्यासाठी अशी माहिती मागणाऱ्या माणसाशी खेळाडूंची गाठ घालून देण्याचाही भाग होता. कोचला पोरांचे फोन नंबर माहीत असतात, कुणाच्या घरी पैशांची चणचण आहे ते माहीत असतं. माझी भीती ही होती.

नऊ वाजता पोरं तंबूत वडापाव खायला बसली. बारा-तेरा वर्षांच्या एकाने थेट विचारलं, “सर, तुम्ही नो-बॉल कसा टाकला?” मी त्याला गप्प करणार, तेवढ्यात ते उठले. सगळ्यांना नेटमध्ये घेऊन गेले आणि चुन्याच्या रेघेवर उभे राहिले. पुढचा पाय रेघेच्या मागे ठेवला. “हा नेहमीचा.” मग पाय वीतभर पुढे सरकवला. टाचेखाली चुना फिसकटला. “हा तो. याला काहीच लागत नाही, लहान पोरगाही टाकेल. पण हा पाय सगळ्यात शेवटी पुढे गेला. त्याच्या आठ महिने आधी मी बूट घेतले होते.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे स्पाइक्स फाटले होते. मित्राच्या ओळखीच्या एकाने नवे आणून दिले, ‘तुझ्यासारख्याने असे बूट घालायचे?’ म्हणाला. नंतर जेवण. नंतर मोबाइल. मग एकदा सहज विचारलं, उद्या विकेट कशी आहे? “मला वाटलं, यात काय, विकेट तर सगळ्यांना दिसते. तोपर्यंत माझ्याच्याने नाही म्हणवत नव्हतं.” कुणी असं विचारलं आणि ते कळवलं नाही, तर तोही गुन्हाच, हे त्यांनी पोरांना तीनदा सांगितलं. शाकिब अल हसनसारखा खेळाडू २०१९ मध्ये नुसतं न कळवल्यामुळे बाहेर बसला, दोन वर्षांच्या बंदीतलं एक वर्ष त्याला भोगावं लागलं, हेही सांगितलं.

पोरं ऐकत होती आणि माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. आमच्या दोन पोरांच्या पायांत नवे स्पाइक्स होते. मार्चमध्ये एका ‘हितचिंतकाने’ दिलेले. मी त्याच्याबरोबर फोटो काढला होता, हार घातला होता. तो काम काय करतो, राहतो कुठे, मला अजूनही माहीत नव्हतं.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी हो म्हणालो. अटी घातल्या. ते नेटमध्ये एकटे नसतील, सिलेक्शनमध्ये त्यांचा शब्द नसेल, पोरांचे नंबर त्यांच्याकडे जाणार नाहीत, आणि दर सीझनच्या पहिल्या दिवशी ते रेघेवर उभे राहून हेच सांगतील. त्यांनी एकाही अटीला हरकत घेतली नाही. डोंबिवलीचे एक वडील मात्र उठून म्हणाले, “चोरी केलेल्या माणसाकडून माझा पोरगा काही शिकणार नाही.” पोराला त्यांनी काढून नेलं. पोरगा चांगला होता. त्या वडिलांना समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं आणि आजही नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं.

बदलापूरच्या पोराला डॉक्टरांनी सहा आठवडे बोलिंग बंद सांगितलीय. तो तरीही रविवारी येतो, तंबूच्या सावलीत बसून तो अर्धा पांढरा चेंडू मनगटाने वर उडवतो आणि झेलतो.

त्या हितचिंतकाला मी फोन केला. तंबूत या, नाव-पत्ता रजिस्टरमध्ये लिहा, म्हटलं. “हो हो, येतो” म्हणाला. चार रविवार झाले. माणूस सरळही असेल, मला ठाऊक नाही. बूट मी दोन्ही पोरांकडून परत घेतलेत आणि कपाटात ठेवलेत. त्यांना नवे स्पाइक्स क्लबच्या पैशांतून घ्यायचं ठरलंय. धोबीतलावला दुकानात जाऊन माप देऊन आलो, बिल माझ्या नावावर आहे.