लॅपटॉपवर ऐंशीच्या दशकातले स्ट्रिंग्ज उभे करताना

ऐंशीच्या दशकातली गाणी आम्ही ऑर्केस्ट्रात भरपूर घेतो. पण त्यांना अरेंजर कीबोर्डमधला आजचा गुळगुळीत स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनच्या ताफ्यासारखा) टोन लावणं मला फार वर्षं खटकत होतं. त्या काळच्या रेकॉर्डिंगमधला धरलेला कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) नीट ऐका, तो आतून हलत असतो. आमचा नुसता लागायचा.

ती जादू ज्या यंत्रांची, ते त्या काळचे सिंथेसायझर, म्हणजे १९७८ चा प्रॉफेट-५, १९७९ चा ओबरहाइम ओबी-एक्स, १९८२ चा ज्युनो-६०. मूळ वाद्य सोलापुरात मला पाहायलाही मिळालं नाही. आणून ठेवलं तरी चाळीस वर्षांपूर्वीच्या चिप इथे बदलून कोण देणार? ज्युनो-१०६ मधली आवाज घडवणारी मूळ मॉड्यूल एकेक करून निकामी होतात, हे जगभरच्या वादकांना ठाऊक आहे. म्हणून मी सॉफ्टवेअरमधल्या सिंथेसायझरकडे वळलो: जुना लॅपटॉप, त्याला जोडायचा मिडी कीबोर्ड, यू-हे कंपनीचा फुकट मिळणारा टायरेल एन६ आणि ओबरहाइमच्या धर्तीवरचा ओबी-एक्सडी.

पहिली अडचण उशिराची. पट्टी दाबली की आवाज किंचित मागून यायचा. आमचा ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य वाजवणारा) पहिल्याच तालमीत म्हणाला, "तू मागं राह्यलास बे." विंडोजच्या साध्या ड्रायव्हरऐवजी आसिओ हा कमी उशिराचा ड्रायव्हर टाकला आणि बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने एका दमात तयार करायचे तो आकडा, ५१२ वरून १२८ वर आणला. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर ५१२ चा बफर ११.६ मिलिसेकंद खातो आणि १२८ चा २.९. हात एकदम मोकळा झाला, पण कडकड सुरू झाली. कारण आता लॅपटॉपला तेवढ्या २.९ मिलिसेकंदांत सगळं गणित उरकावं लागत होतं.

आणि हे गणित जड आहे. या आवाजांचा पाया असलेल्या सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारख्या) लहरीची कड तीक्ष्ण असते. ती साध्या पद्धतीने काढली तर वरच्या कंपनसंख्या दुमडून खाली येतात आणि वरच्या सप्तकात कर्कश, बेसूर किणकिण ऐकू येते. ती टाळायला ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारे भाग) खास पद्धतीने काढावे लागतात, ठिकठिकाणी आवाज कितीतरी पट बारीक नमुन्यांत मोजावा लागतो. मग येतो फिल्टर, आवाज उजळ किंवा दबका करणारा भाग. त्याचा रेझोनन्स म्हणजे बाहेर पडणारा आवाज पुन्हा आत फिरवणं. तेही प्रत्येक नमुन्याला सोडवायचं, आणि वाजणाऱ्या प्रत्येक सुरासाठी वेगळं. मी एका वेळी वाजणारे सूर सहावर बांधले. ज्युनोतही सहाच होते, त्यामुळे मन अजिबात खट्टू झालं नाही. उलट पेडल दाबून ठेवल्यावर जुना सूर तुटून नवा येतो, तो तुटण्याचा ढंगही आपोआप मिळाला.

मे महिन्यात आणखी एक गंमत कळली. इथे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. अशा उन्हात खऱ्या प्रॉफेटचे ऑसिलेटर सुरावरून सरकले असते, कारण त्यातले ट्रान्झिस्टर तापमानाप्रमाणे वागणूक बदलतात. म्हणून तर त्यावर ट्यूनचं बटण दिलेलं असायचं. सॉफ्टवेअरचा सूर जागचा हलत नाही, मात्र तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि कडकड परत येते. लॅपटॉप स्टँडवर उचलून घेतला, बाजूला टेबल फॅन लावला आणि उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांपुरता बफर २५६ केला.

एवढं झाल्यावर खरं काम सुरू झालं, ते आवाजाचं. ज्युनोचे सूर डिजिटल घड्याळावर चालतात, त्यामुळे सहाही चोख असतात. त्याचा जिवंतपणा येतो कोरस या इफेक्टमधून. त्यात डाव्या आणि उजव्या बाजूचा विलंब उलटसुलट हलतो. हेडफोनवर हे ऐकताना अंगावर काटा येतो. आमच्याकडे बहुतेक स्टेजवर सिस्टीम मोनो असते, म्हणजे डावं-उजवं एकच, आणि तिथे ही रुंदी नाहीशी होते. म्हणून मी प्रत्येक टोन घरीच मोनोमध्ये ऐकून पक्का करू लागलो.

ओबरहाइमचा जिवंतपणा वेगळा. त्यात प्रत्येक सुराला स्वतंत्र कार्ड, त्यावर स्वतःचे दोन ऑसिलेटर आणि स्वतःचा फिल्टर. कोणतीही दोन कार्डं तंतोतंत सारखी नसतात. ओबी-एक्सडीमध्ये हा फरक ठरवणारे नॉब आहेत. ते शून्यावर नेले तर कॉर्ड मेणाचा वाटतो. थोडे वर नेले की आरतीला घरातली सगळी एकत्र गातात तसं होतं: चाल एक, गळे वेगळे.

मी दुसऱ्या ऑसिलेटरचं डिट्यून (पहिल्यापासून सूर किंचित सरकवणं) अगदी कमी ठेवतो. ते वाढलं की आमची गायिका लगेच मागे वळून पाहते. लांब सूर धरताना तिला आधार डळमळीत लागतो. फिल्टरमधला फरक मात्र मी मोकळ्या हाताने वाढवतो. त्याने सूर ढळत नाही, फक्त कॉर्डमधला एक सूर किंचित उजळ लागतो, दुसरा किंचित दबका. एन्व्हलपमध्येही (सूर कसा उठतो आणि विरतो ते ठरवणाऱ्या भागात) थोडा फरक ठेवतो, म्हणजे सगळे सूर एकाच क्षणी उघडत नाहीत. माझ्या मते या आवाजाचं मर्म सुरापेक्षा फिल्टरमध्ये जास्त आहे, आणि तयार प्रीसेट घेणारे नेमकं तेच बघायचं सोडतात.

गणपतीत हा टोन स्टेजवर लावला तेव्हा ऑक्टोपॅडवाल्याने मान डोलावली. ब्रासचा (ट्रम्पेटसारखा) टोन मात्र अजून मनासारखा जमलेला नाही. फिल्टर उघडायला किती वेळ घ्यावा, यावर सध्या रोज संध्याकाळी बसतोय.