देवळालीच्या साइडिंगवरचे दोन कंडम डबे

वाफेचं इंजिन वाचवायचं म्हटलं की माणसं पुढे येतात. मालगाडीच्या डब्यासाठी कुणी येत नाही. मी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात नोकरी केली, हातोडी मारून चाकाचा आवाज ऐकण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे मला हे फार लागतं. देवळालीजवळच्या एका लष्करी आवारात, गवतात बुडालेल्या साइडिंगवर दोन चारचाकी डबे उभे होते. एक बंद, दारूगोळ्याचा. दुसरा सपाट, तोफा आणि गाड्या चढवायचा. दोन्ही आज सिन्नरच्या बाजूला एका शिक्षणसंस्थेच्या छोट्या संग्रहालयात आहेत. ते तिथवर कसे पोचले ते सविस्तर लिहितो, कारण असे डबे अजूनही ठिकठिकाणी उभे आहेत आणि ते वाचवायची वाट कुणी सांगत नाही.

आधी हे डबे महत्त्वाचे का, ते. नाशिकला तोफखान्याचं केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा. फाळणीच्या आधीच ही शाळा आताच्या पाकिस्तानातल्या काकूलहून इकडे आली. इथल्या माणसाला तोफ नवी नाही, चौकाचौकांत ठेवलेल्या तोफा आपण रोज बघतो. पण तोफ किंवा रणगाडा सीमेपर्यंत स्वतःच्या पायांनी जात नाही. रणगाडा शेकडो किलोमीटर रस्त्याने चालवला तर साखळ्या झिजतात, इंजिनाचे तास संपतात आणि रस्त्याचीही वाट लागते. आपला विजयंता रणगाडा जवळपास चाळीस टनांचा. तो रेल्वेनेच जायचा. १९६५ आणि १९७१ ला लांबचा बहुतेक भार मिलिटरी स्पेशल गाड्यांनीच ओढला. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन या, १९९४ पासून ते लोकांसाठी आहे. तिथले रणगाडे बघताना पोरं हमखास विचारतात, हा इथून पंजाबात गेला कसा? त्याचं उत्तर डबा दाखवूनच देता येतं.

आता मूळ अडचण. डबे कुणाचे, हेच कुणाला सांगता येईना. लष्करातले म्हणत रेल्वेचे, रेल्वेतले म्हणत लष्कराचे. एका कार्यालयात तर मला टेबलावरूनच सांगितलं, "काका, आमच्या रजिस्टरला हे नंबरच नाहीत." ज्याचं नाव नाही त्याला मालक नाही, आणि ज्याला मालक नाही ते देणार कोण? मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत, कायदा २००५ चा. पण अर्जात नुसतं 'देवळालीचे जुने डबे' असं लिहिलं असतं तर उत्तर तेवढंच मोघम आलं असतं. नंबर हवा होता.

तो काढायचा म्हणजे आत जायचं, आणि कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत फोटोची परवानगी आपसूक मिळत नाही. लेखी विनंती, आधार, सोबत एक जवान, आणि फोटो फक्त डब्यांचे, मागचं काही दिसता कामा नये. मी ते सगळं मान्य केलं आणि सकाळभर बंद डब्याच्या अंगाशी बसलो. बाजूच्या लांब पोलादी तुळईला, म्हणजे सोल बारला, बांधणाऱ्या कारखान्याची ओतीव पाटी असते. ती निघालेली होती, चार रिव्हेटची भोकं तेवढी राहिली होती. मग दाराशेजारी ओल्या फडक्याने अलगद घासत गेलो. वरचा राखी रंग पापुद्र्यांनी सुटला, खाली मालडब्याचा तांबडा-तपकिरी, आणि त्यात पांढरे आकडे. शेवटचा आकडा अर्धाच होता. आकड्यांखाली पीओएचची, म्हणजे डबा कारखान्यात पूर्ण उघडून दुरुस्त केल्याची नोंद, त्यात झाशीचं नाव स्पष्ट. आणि दारावर, लष्करी गाड्यांच्या नंबरप्लेटवर असतो तसा, वर तोंड केलेला बाण. तो बाण दिसला तेव्हा माझ्यासोबतचा जवानही खाली वाकून बघायला लागला.

त्या आकड्यांवर रेल्वेकडून उत्तर आलं: हे डबे फार पूर्वीच नोंदीतून कमी केलेले आहेत. एका ओळीचा कागद, पण त्याने तिढा सुटला. रेल्वेने हात वर केले म्हणजे आता जे आहे ते लष्कराच्या ताब्यातलं, आणि लष्कराकडे जास्तीच्या वस्तू निकालात काढायची ठरलेली पद्धत आहे.

ती पद्धत मला समजावून दिली ती एका सुभेदार साहेबांनी. वस्तू सरप्लस ठरवायला अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं, बोर्ड पाहणी करतं, कंडम ठरवतं, मग यादी होते आणि ती बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात जाते, जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. "तुम्ही रेल्वेचे म्हणून सांगतो," ते म्हणाले, "बोर्ड बसायच्या आधी अर्ज येऊ द्या. एकदा लॉट पडला की माझ्या हातात काही राहत नाही." अगदी खरं. लॉटमध्ये डब्याची नोंद पोलादाचे इतके टन अशी होते, शेजारी गंजलेले ड्रम असतात आणि घेणाऱ्याला कटरने तुकडे करूनच न्यायचं असतं. तिथे संग्रहालयाने बोली लावायची तर ती भंगारवाल्याशी वजनावर लावायची, वर अनामत रक्कम आणि जीएसटी. लहान संस्थेचं ते काम नाही.

म्हणून अर्ज संस्थेच्या नावाने केला, माझ्या नाही. व्यक्तीला सरकार अशी वस्तू देत नाही, द्यायलाही नको. नोंदणीकृत संस्था, विश्वस्तांचा ठराव, जागेचा उतारा, जागेचा नकाशा, आणि हमीपत्र: डबा विकणार नाही, तोडणार नाही, लोकांना बघायला ठेवू, वाहतुकीचा खर्च आमचा. निकामी रणगाडे शाळा-कॉलेजांना देण्याची रीत लष्करात आहेच, खडकीच्या डेपोतून असे रणगाडे गेलेले आहेत. आम्ही त्याच रीतीचा आधार घेतला. विश्वस्तांना पटवायला मात्र मला जास्त वेळ लागला. त्यांना रणगाडा हवा होता. मी त्यांना त्यांच्याच आवारातल्या तोफेपाशी नेलं आणि विचारलं, ही इथवर कशावरून आली हे मुलांना कसं दाखवणार? ठराव झाला.

त्यानंतर फाइल वर गेली आणि एका टेबलावर थांबली. कुठल्या, ते लिहीत नाही. पावसाळा आला, गवत डब्याच्या पायरीपर्यंत चढलं, आणि त्याच काळात सपाट डब्याच्या ब्रेकचा व्हॅक्युम सिलिंडर आणि दोन्ही टोकांचे, डबे एकमेकांना जोडायचे स्क्रू कपलिंग कुणीतरी काढून नेले. ॲक्सल बॉक्समधली, म्हणजे चाकाच्या आसाचं टोक बसतं त्या पेटीतली, पितळी बेअरिंगं तर त्याआधीच गेली होती, भंगारात पितळेला भाव असतो. मला त्याचा फार त्रास झाला. डबा वाचवणाऱ्याने एवढं नक्की करावं: अर्ज दिल्यादिवशी प्रत्येक सुट्या भागाचा फोटो आणि यादी अर्जालाच जोडावी, आणि सुटे भाग कुलुपात ठेवायची विनंती त्याच पत्रात करावी.

मंजुरी आली तेव्हा आणखी एक कागद लागला, जो मला रेल्वेत असूनही माहीत नव्हता. दारूगोळा वाहिलेला डबा गेटबाहेर काढायचा तर तो स्फोटकमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. जाणकार माणसं आली, दारं उघडली, कानाकोपरा, फटी, छपराखालचे झरोके सगळं तपासलं आणि सही केली. दारूगोळ्याचे डबे रेल्वेतही असेच जपले जायचे. धोकादायक मालाचे नियम रेल्वेच्या रेड टॅरिफ या नियमपुस्तकात आहेत, आणि इंजिन व स्फोटकांचा डबा यांच्यामध्ये दुसरे डबे जोडूनच गाडी निघायची.

लोक विचारतात, रूळ होते, मग रेल्वेनेच का नाही नेले? नेता येत नाहीत. हे डबे व्हॅक्युम ब्रेकचे. आजच्या मालगाडीला एअर ब्रेक, पाइपात पाच किलोचा दाब. एकात हवा काढून घेतात तेव्हा ब्रेक सुटतो, दुसऱ्यात हवा भरल्यावर. दोघांची गाठ पडत नाही. कपलिंगही वेगळं. आणि कंडम डब्याला फिट सर्टिफिकेट कुठला टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारा ट्रेन एक्झामिनर, देईल? मी दिलं नसतं.

तर रस्ता. डबा चाकांसकट ट्रेलरवर ठेवला की उंची विजेच्या तारांना भिडते. म्हणून चाकं वेगळी केली. चारी बाजूंनी जॅक लावले, ॲक्सल बॉक्सखालच्या बंधपट्ट्या गॅस न वापरता, डिझेल मुरवून, पान्याने सोडल्या, डबा वर उचलला आणि चाकांच्या जोड्या रुळावरूनच ढकलत बाहेर काढल्या. काळी जमीन वाळल्याशिवाय हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, आत न्यायचा नाही हे मी आधीच बजावलं होतं, दिवाळीनंतरच काम धरलं. दोन हायड्रा, खाली लो-बेड, म्हणजे बुटका ट्रेलर. ऑपरेटर दादाने पट्टा छपराखाली टाकायला घेतला तेव्हा मी ओरडलोच. "भाऊ, मग धरू कुठं?" हेडस्टॉकच्या, म्हणजे डब्याच्या टोकाच्या आडव्या तुळईच्या आत, तळाच्या तुळईला. जुन्या डब्याच्या भिंती गंजून पातळ झालेल्या असतात, भार घ्यायची ताकद फक्त खालच्या सांगाड्यात उरते. त्याने ऐकलं, आणि डबा सरळ रेषेत, न पिळता उचलला गेला.

रात्री लॅम रोडने विहितगाव, बिटको, रेल्वेवरचा पूल, सिन्नर फाटा आणि पुढे पुण्याचा रस्ता. पुढे वायरमन काठी घेऊन. प्रवासात काही घडलं नाही.

संग्रहालयात आधीच खडी, स्लीपर आणि १६७६ मिलिमीटर गेजचे रूळ टाकून ठेवले होते. चाकं आधी रुळावर, मग वरून डबा. तो बसला तेव्हा सगळ्या पाटा स्प्रिंगांनी एकदम भार घेतला आणि करकरल्या.

डागडुजीबद्दल माझं मत ठाम आहे. पूर्ण घासून चकचकीत रंग लावू नका. आम्ही बंद डब्याचं छप्पर गळतीपुरतं दुरुस्त केलं, खालच्या सांगाड्याला रेड ऑक्साइड मारला, आणि नंबर, झाशीची नोंद व बाण असलेली बाजू आहे तशी ठेवून वर पत्र्याची पडवी काढली. सपाट डब्याच्या फळ्या बदलाव्यात असा एका विश्वस्तांचा आग्रह होता. मी त्यांना फळ्यांवर हात फिरवायला सांगितलं. गाडी हलू नये म्हणून चाकांना लाकडी गुटके ठोकतात, त्या खिळ्यांची मोडकी टोकं फळ्यांत अजून आहेत, जोडीजोडीने, वेगवेगळ्या अंतरावर. कुठे जीपचं अंतर, कुठे तोफेचं. फळ्या राहिल्या.

काम अजून पुरं नाही. सपाट डब्याला व्हॅक्युम सिलिंडर, दोन स्क्रू कपलिंग आणि होज पाइपची तोंडं हवी आहेत. मनमाड, भुसावळ, इगतपुरीकडच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीत कुठे असे भाग पडून असतील तर सरकारी वाटेने, कागदपत्रांसकट, मिळवायची आमची तयारी आहे. आणि चारचाकी ब्रेकव्हॅन, म्हणजे मालगाडीच्या शेवटचा गार्डचा डबा, दिसली तर आधी तिचा नंबर उतरवून घ्या.